विश्लेषण : मोठी बॅटरी भरलेली, तरी हायब्रिड गाडी जागची का हलत नाही?

हायब्रिड आणि विद्युत गाड्यांचा विषय मराठवाड्यात आता पुण्या-मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांपुरता राहिलेला नाही. या गाड्यांच्या कारखान्यासाठी टोयोटा किर्लोस्करने ३१ जुलै २०२४ रोजी राज्य सरकारशी छत्रपती संभाजीनगरसाठी सामंजस्य करार केला. त्यात सुमारे २० हजार कोटी रुपयांची गुंतवणूक अपेक्षित आहे. लातूरच्या ‘एमएच-२४’ आणि नांदेडच्या ‘एमएच-२६’ क्रमांकांच्या हायब्रिड गाड्याही रस्त्यावर दिसू लागल्या आहेत. मात्र लग्नसराई किंवा दिवाळीची सुट्टी संपवून मालक परततो आणि गाडीचे दारही उघडत नाही, असा अनुभव या गाड्यांच्या बाबतीत येऊ शकतो. लाखो रुपयांची मोठी बॅटरी भरलेली असते, टाकीत पेट्रोल असते, पण काही हजारांची १२ व्होल्टची छोटी बॅटरी उतरलेली असते. हे का घडते, अशा वेळी काय करावे आणि काय टाळावे, याचा आढावा.

प्लग-इन हायब्रिड म्हणजे काय?

हायब्रिड गाडीत पेट्रोल इंजिन आणि विद्युत मोटर दोन्ही असतात. साध्या हायब्रिडची मोठी बॅटरी इंजिनावर आणि ब्रेक लावताना तयार होणाऱ्या विजेवर भरते. प्लग-इन हायब्रिडची बॅटरी त्याहून मोठी असते आणि ती घरच्या सॉकेटवर किंवा चार्जरवरही भरता येते. रोजचा गावातला फेरा विजेवर, लांबचा प्रवास पेट्रोलवर, अशी तिची कल्पना.

भारतात आतापर्यंत हा प्रकार मुख्यतः आलिशान गाड्यांपुरता राहिला. बीएमडब्ल्यूची आय-८, व्होल्वोची एक्ससी-९० टी-८ ही त्याची ओळखीची उदाहरणे. करही आड येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या जीएसटी दरांनुसार छोट्या हायब्रिडवर १८ टक्के आणि मोठ्या हायब्रिडवर ४० टक्के कर आहे, तर पूर्ण विद्युत गाडीवर ५ टक्केच. म्हणून नांदेड-लातूरमध्ये प्लग-इनपेक्षा ग्रँड विटारा, हायरायडर, इनोव्हा हायक्रॉस यांसारख्या साध्या हायब्रिड आणि पूर्ण विद्युत गाड्या अधिक दिसतात. पण छोट्या बॅटरीचा प्रश्न या तिन्ही प्रकारांत सारखाच आहे.

दोन बॅटऱ्या कशासाठी?

मोठी बॅटरी दोनशे, तीनशे किंवा त्याहूनही अधिक व्होल्टची असते. तिचे काम गाडी ओढणे. एवढ्या दाबाची वीज दिवे, वायपर, काचा, लॉक, संगणक यांना थेट देता येत नाही. ही सारी यंत्रणा गेली कित्येक दशके १२ व्होल्टवरच चालत आली आहे. त्यासाठी वेगळी छोटी बॅटरी असते. बहुतेक गाड्यांत ती जुन्या ओळखीची, शिसे आणि आम्लाची असते.

खरी मेख सुरक्षेच्या रचनेत आहे. गाडी बंद केली की मोठी बॅटरी बाकीच्या गाडीपासून पूर्ण तोडली जाते. अपघातात किंवा दुरुस्तीच्या वेळी कोणाला जबर झटका बसू नये, यासाठी ही व्यवस्था. तिला पुन्हा जोडणारे दणकट रिले १२ व्होल्टच्या विजेवर ओढले जातात. त्याआधी गाडीचे संगणक जागे होऊन सर्व ठीक असल्याची खात्री करतात, तेही याच विजेवर. थोडक्यात, धान्याने भरलेल्या कोठाराची किल्ली या छोट्या बॅटरीकडे असते. किल्लीच हरवली, तर कोठार भरलेले असून उपयोग नाही.

गाडी प्लगला लावली की प्रश्न सुटेल, असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. चार्जर आणि गाडी यांच्यातील देवाणघेवाण सुरू व्हायलाही १२ व्होल्ट लागतात. ती बॅटरी पूर्ण उतरलेली असेल, तर बहुतेक गाड्यांत चार्जिंग सुरूच होत नाही.

छोटी बॅटरी उतरते कशाने?

पेट्रोल गाडीत ही बॅटरी भरण्याचे काम अल्टरनेटर, म्हणजे गॅरेजच्या भाषेतला डायनॅमो करतो. हायब्रिड आणि विद्युत गाडीत त्याऐवजी डीसी-डीसी कन्व्हर्टर असतो. तो मोठ्या बॅटरीचा दाब उतरवून छोटी बॅटरी भरतो. हे काम गाडी ‘रेडी’ स्थितीत असताना चालते आणि अनेक गाड्यांत मोठी बॅटरी चार्ज होत असतानाही. गाडी नुसती उभी असताना ते बहुधा बंद असते. काही गाड्या उभ्या असतानाही अधूनमधून छोटी बॅटरी भरून घेतात, पण ही सोय सगळ्यांत नाही.

दुसरीकडे उभी गाडी पूर्ण झोपत नाही. रिमोट चावीची चाहूल घेणारी यंत्रणा, चोरीचा अलार्म, मोबाइल ॲपशी बोलणारे सिम हे सारे थोडी थोडी वीज घेत राहतात. हिशेब सोपा आहे. समजा, बॅटरी ४५ अँपिअर-तासांची आहे आणि उभी गाडी ५० मिलिअँपिअर वीज ओढते. दिवसाला १.२ अँपिअर-तास खर्च होतात आणि सुमारे १९ दिवसांत निम्मी बॅटरी संपते. त्याच गाडीत बाहेरून बसवलेला, गाडी उभी असतानाही चालू राहणारा डॅशकॅम असेल आणि एकूण ओढ ३०० मिलिअँपिअरवर गेली, तर दिवसाला ७.२ अँपिअर-तास जातात. मग पूर्ण भरलेली बॅटरीही आठवडाभर पुरत नाही.

चावी गाडीजवळच्या भिंतीवर टांगलेली असणे, ॲपवरून दिवसातून दहा वेळा गाडीची स्थिती पाहणे, ‘रेडी’ न करता नुसते संगीत ऐकत बसणे, हीदेखील नेहमीची कारणे. शेवटच्या प्रकारात मालकाला वाटते की वीज मोठ्या बॅटरीतून जाते आहे. प्रत्यक्षात ती छोटीतून जात असते.

नांदेड-लातूरमध्ये धोका अधिक का?

बॅटरी थंडीत दगा देते, हा समज युरोप-अमेरिकेतून आला. थंडीत तिची ताकद कमी पडते हे खरे, पण तिचे आयुष्य खाते ती उष्णता. शिसे-आम्ल बॅटरीच्या बाबतीत ढोबळ नियम असा, की सरासरी तापमान ८ ते १० अंशांनी वाढले की आयुष्य निम्म्यावर येते. मे महिन्यात दोन्ही जिल्ह्यांत पारा ४० अंशांपुढे जातो. उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या बोनेटखाली तो आणखी चढतो. उन्हाळ्यात आतून खंगलेली बॅटरी पुढे दिवाळीच्या सुट्टीत गाडी पंधरा दिवस उभी राहिली की मान टाकते आणि दोष सुट्टीला दिला जातो.

दुसरे कारण वापराची पद्धत. गावातल्या गावात दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत छोटी बॅटरी पुरेशी भरत नाही. नोकरीनिमित्त पुण्याला असलेल्या अनेकांची गाडी गावी घरासमोर महिनोन्महिने उभी असते.

तिसरे कारण अंतर. नांदेडहून हैदराबाद सुमारे पावणेतीनशे किलोमीटर, लातूरहून पुणे सव्वातीनशेच्या घरात. आलिशान प्लग-इन हायब्रिडच्या अधिकृत कार्यशाळा प्रामुख्याने अशा महानगरांत आहेत. लोहा, अहमदपूर, चाकूर या पट्ट्यात राष्ट्रीय महामार्ग ३६१ वर रात्री गाडी बंद पडली, तर पहिली मदत मिळते ती ढाब्यावरच्या ट्रकचालकाची किंवा गावातल्या मेकॅनिकची. रुग्णाला घेऊन निघालेल्या कुटुंबासाठी ही मदत योग्य की अयोग्य, यावर बरेच काही अवलंबून असते.

आगाऊ सूचना का मिळत नाही?

पेट्रोल गाडीची बॅटरी एकदम जात नाही. सकाळी सेल्फ जड फिरू लागतो, दिवे मंदावतात, मालक सावध होतो. कारण इंजिन फिरवायला त्या बॅटरीला क्षणभर शेकडो अँपिअर द्यावे लागतात आणि ती कमजोर असल्याचे लगेच उघड होते. बहुतेक पूर्ण हायब्रिड गाड्यांत इंजिन मोठ्या बॅटरीच्या जोरावर सुरू होते. छोट्या बॅटरीला केवळ संगणक आणि रिले जागे करायचे असतात. हे हलके काम अर्धमेली बॅटरीही करत राहते. काल संध्याकाळपर्यंत व्यवस्थित चाललेली गाडी आज सकाळी पूर्ण मुकी होते, ती यामुळे.

तरीही काही खुणा असतात. लॉक सावकाश उघडणे, डॅशबोर्डवर एकाच वेळी असंबद्ध इशारे झळकणे, घड्याळ मागे पडणे, बटण दाबल्यावर नुसती टकटक ऐकू येणे. याहून खात्रीचा मार्ग म्हणजे काही शे रुपयांत मिळणारा मल्टिमीटर. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत बॅटरीचा दाब १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ किंवा त्याखाली म्हणजे उतरलेली. ‘रेडी’ केल्यावर आकडा साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान गेला, तर कन्व्हर्टर काम करतो आहे असे समजावे.

गाडी मुकी झाली तर काय करावे?

पहिले काम दार उघडण्याचे. रिमोट चावीच्या पोटात साधी धातूची चावी असते. चावीचे भोक काही गाड्यांत हँडलच्या टोपणाखाली लपलेले असते. बोनेट सहसा तारेने उघडते, त्यामुळे तिथे अडचण नसते. डिकीचे कुलूप मात्र विजेवर चालते आणि अनेक गाड्यांत छोटी बॅटरी नेमकी डिकीत असते. अशा गाड्यांत बोनेटखाली, फ्यूजच्या डब्यात किंवा जवळपास जोडणीसाठी वेगळे टोक दिलेले असते. ते कुठे आहे, हे गाडीच्या पुस्तिकेत सापडते. रात्री रस्त्यावर शोधण्यापेक्षा ते आधीच पाहून ठेवलेले बरे.

त्यानंतर दुसऱ्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरून किंवा खिशात मावणाऱ्या जम्प स्टार्टरवरून वीज द्यायची. क्रम ठरलेला आहे. लाल केबलचा एक चिमटा उतरलेल्या बॅटरीच्या किंवा बोनेटखालच्या अधिक टोकाला, दुसरा मदतीच्या बॅटरीच्या अधिक टोकाला. काळ्या केबलचा एक चिमटा मदतीच्या बॅटरीच्या उणे टोकाला आणि शेवटचा बंद गाडीच्या रंग नसलेल्या धातूच्या भागाला. मग ब्रेक दाबून गाडी सुरू करायची. डॅशबोर्डवर ‘रेडी’ आले की काम झाले. चिमटे उलट क्रमाने काढायचे. येथे इंजिन फिरवायचे नसल्याने थोडी वीजही पुरते, ही जमेची बाजू.

‘रेडी’ झालेली गाडी लगेच बंद करू नये. तासभर तरी ती तशीच ठेवावी किंवा चालवावी. मात्र बंद गॅरेजमध्ये नव्हे. हायब्रिडचे इंजिन स्वतःहून सुरू होऊ शकते आणि त्याचा धूर जिवावर बेततो. पूर्ण उतरलेली बॅटरी तासाभरात पूर्ण भरत नाही. दुसऱ्या दिवशी ती तपासून घ्यावी. बराच काळ उतरलेल्या अवस्थेत राहिली असेल, तर तिच्या पट्ट्यांवर गंधकाचे क्षार घट्ट बसतात आणि ती बदलावीच लागते.

कोणत्या चुका महागात पडतात?

पहिली चूक ट्रकची मदत घेण्याची. महामार्गावर सर्वात आधी थांबतो तो ट्रक, पण बहुतेक अवजड ट्रकची यंत्रणा २४ व्होल्टची असते. ती १२ व्होल्टच्या गाडीला जोडली, तर संगणक आणि कन्व्हर्टर जळू शकतात. ट्रॅक्टरची यंत्रणा सहसा १२ व्होल्टची असते. त्याची बॅटरी वापरायचीच तर ट्रॅक्टर बंद ठेवून वापरावी. घरातल्या इन्व्हर्टरची एक बॅटरीही १२ व्होल्टची असते, पण दोन बॅटऱ्यांच्या इन्व्हर्टरमध्ये त्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. नाइलाजाने वापरण्याची वेळ आलीच, तर इन्व्हर्टरपासून पूर्ण सोडवलेली एकच बॅटरी घ्यावी आणि आम्ल सांडणार नाही याची काळजी घ्यावी.

दुसरी चूक धक्का मारण्याची. या गाड्यांत धक्का देऊन इंजिन सुरू होत नाही. तिसरी, टोचन लावून ओढण्याची. चाके फिरली की त्यांना जोडलेली मोटर वीज तयार करू लागते आणि नुकसान होऊ शकते. पुढची चाके उचलून नेणारी क्रेनही प्रत्येक गाडीला चालत नाही. एक्ससी-९० टी-८ सारख्या गाडीत इंजिन पुढच्या चाकांना आणि मोटर मागच्या चाकांना जोडलेली असते. अशा वेळी चारही चाके वर घेणारे वाहन हाच सुरक्षित मार्ग.

चौथी चूक केबल उलट जोडण्याची. पाचवी, हायब्रिडवरून दुसऱ्याची पेट्रोल गाडी सुरू करून देण्याची. पेट्रोल गाडीचा सेल्फ जेवढी वीज ओढतो, तेवढी देण्यासाठी ही यंत्रणा बनवलेली नाही. सहावी, हाती लागेल ती बॅटरी बसवण्याची. बॅटरी डिकीत किंवा आसनाखाली असेल, तर तिथे एजीएम प्रकारची किंवा वायू बाहेर नेणाऱ्या नळीची बॅटरी लागते. साधी पाण्याची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते आणि तो प्रवाशांच्या जागेत साठू शकतो. नारंगी रंगाच्या केबलला तर प्रशिक्षण नसलेल्याने हातच लावू नये. ती मोठ्या बॅटरीची असते.

दोष नेहमी मालकाचाच असतो का?

नाही. ह्युंदाईने जून २०२४ मध्ये भारतातील १,७४४ आयॉनिक-५ गाड्या परत बोलावल्या. चार्जिंगवर नियंत्रण ठेवणाऱ्या एका भागातील दोषामुळे १२ व्होल्टची बॅटरी उतरण्याची शक्यता होती. किआने याच स्वरूपाच्या कारणासाठी जुलै २०२४ मध्ये १,१३८ आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये १,३८० ईव्ही-६ गाड्या बोलावल्या. अमेरिकेतही ह्युंदाई समूहाला अशीच मोहीम राबवावी लागली. तिथे चालत्या गाडीची ओढ जाण्याचा धोका नोंदवला गेला. बॅटरी वरचेवर उतरत असेल, तर केवळ नवी बसवून भागत नाही. कन्व्हर्टर आणि सॉफ्टवेअर तपासून घ्यायला हवे.

जर्मनीत रस्त्यावर मदत करणाऱ्या ‘एडीएसी’ या संस्थेची अलीकडची आकडेवारीही बोलकी आहे. विद्युत गाड्या पेट्रोल-डिझेल गाड्यांपेक्षा कमी बंद पडतात. पण ज्या पडतात, त्यांतील जवळपास निम्म्यांमागे हीच छोटी बॅटरी असते. नव्या तंत्रज्ञानात सर्वात जुना भागच सर्वाधिक दगा देतो, असा याचा अर्थ. म्हणून काही कंपन्या शिसे-आम्ल सोडून लिथियमकडे वळल्या. टेस्लाने २०२१ पासून हा बदल सुरू केला. त्याआधी ह्युंदाईने आपल्या आयॉनिक हायब्रिडमध्ये छोटी लिथियम बॅटरी आणि ती उतरल्यास पुन्हा जागे करणारे बटणच दिले होते.

वॉरंटी, विमा आणि दुरुस्तीचे काय?

मोठ्या बॅटरीवर अनेक कंपन्या ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी देतात. ती छोट्या बॅटरीला लागू नसते. तिची हमी वेगळी आणि बरीच कमी मुदतीची असते. वाहन विम्यात यांत्रिक किंवा विद्युत बिघाड धरला जात नाही. रस्त्यावरील मदतीची जोड वेगळी घ्यावी लागते. ती घेताना आपल्या तालुक्यापर्यंत सेवा येते का आणि चारही चाके उचलणारे वाहन मिळते का, हे दोन प्रश्न विचारावेत. जुनी बॅटरी भंगारात न देता नवी देणाऱ्या विक्रेत्याकडे परत करावी. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती गोळा करून पुनर्वापरात आणण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

प्रश्न माहितीचाही आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ पोर्टल सुरू केले आणि त्यात वाहन क्षेत्राचा समावेश केला. हेतू असा, की दुरुस्तीची माहिती कंपनीच्या कार्यशाळेबाहेरही पोहोचावी. जोडणीचे टोक कुठे, ओढून न्यायचे कसे, कोणत्या केबलला हात लावायचा नाही, एवढी माहिती मराठीत एका पानावर मावते. ती गाडीच्या कप्प्यात आणि महामार्गावरच्या गॅरेजच्या भिंतीवर असेल, तर बहुतेक नुकसान टळेल.

मालकाने काय काळजी घ्यावी?

गाडी उभी राहणार असेल, तर आठवड्यातून एकदा तासभर ‘रेडी’ करावी किंवा चालवावी. पंधरा दिवसांपेक्षा अधिक काळ उभी राहणार असेल, तर पुस्तिकेत परवानगी असल्यास छोट्या बॅटरीचे उणे टोक सोडवावे किंवा कायम जोडून ठेवता येणारा लहान चार्जर लावावा. त्याआधी दार कोणत्या चावीने उघडायचे, हे पाहून ठेवावे. डॅशकॅम आणि ट्रॅकर गाडी बंद होताच बंद होतील असे जोडून घ्यावेत. शक्य तिथे गाडी सावलीत उभी करावी. तिसऱ्या वर्षापासून दर उन्हाळ्यानंतर बॅटरी तपासून घ्यावी आणि ती कमजोर निघाली तर गाडी बंद पडण्याची वाट न पाहता बदलावी.

एक जम्प स्टार्टर डिकीत नव्हे, तर पुढच्या कप्प्यात ठेवावा. बॅटरी उतरल्यावर डिकीच उघडत नाही, हे तेव्हा लक्षात येऊन उपयोग नसतो.